विसाव्याचा दगड

३ मार्च

लागली! नोटीस लागली. दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर, जुन्या वेळापत्रकावरच चिकटवली आहे. गावाच्या पूर्वेचं सगळं शिवार, ओढ्यापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत, पंच्याऐंशी तुकडे — 'निवासी वापरासाठी प्रस्तावित'. चारशे घरं. हरकती तीस दिवसांच्या आत.

मी मोठ्याने वाचून दाखवली. लोक कॅन हातात धरून ऐकत होते. शिंपी म्हणाला, "पुन्हा वाच." पुन्हा वाचली. "दोन्ही वेळा तेच लिहिलंय की!" म्हणाला. कोणी हसलं नाही.

दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज चढला होता. भीतीने नाही. खरं लिहायचं तर — आनंदाने. इतकी वर्षं शिकले त्याचं काहीतरी होणार! शिवार जायला निघालंय आणि मला आनंद होतोय. हे फक्त इथेच लिहिता येतं.

५ मार्च

शाळेच्या सभागृहात सभा. गावसभेचे अध्यक्ष तासभर बोलले. जमीन, आई, पूर्वज, रक्त, घाम. मग मी उठले. म्हटलं, भाषणाने नोटीस निघत नाही, पुरावा द्यावा लागतो.

मागून लोहार ओरडला, "हिच्या बापाच्या नावावर कुंडीभर माती नाही, आणि ही निघाली शिवार वाचवायला!"

सगळं सभागृह हसलं. बाबा दाराशी उभे होते, कामावरून तसेच आलेले, केसांत सिमेंट. तेही हसले.

अध्यक्षांनी हात वर केला. "हसू नका. हिला यात मिळवायचं काही नाही, गमवायचंही काही नाही. म्हणूनच हे काम हिचं. पदवीबाई, घ्या जबाबदारी."

पदवीबाई! झालं, नाव चिकटलं.

घरी येताना बाबा म्हणाले, "चांगलं बोललीस."

"तुम्ही हसलात, बाबा."

"सगळे हसत होते ना."

८ मार्च

तालुक्याच्या नियोजन कार्यालयात गेले. कारकून चष्मा कपाळावर चढवून बोलतो, वाचताना काढून खिशात ठेवतो. डोळ्यांवर कधी लावतो देव जाणे.

"हिरवं दिसतं, पक्षी येतात, लहानपणी इथे खेळलो — असल्या हरकती त्या कपाटात आहेत." कपाटाचं दार मिटत नव्हतं. सुतळीने बांधलं होतं.

"मग कसली हरकत चालते?"

त्याने एक छापील तक्ता पुढे सरकवला. प्रत्येक तुकड्याची नोंद, गावाने स्वतः केलेली, मालकाच्या सहीसकट. 'लागवडीखाली' आणि 'पडीक' असे दोन रकाने. ज्यात असेल त्यात खूण करायची. "लागवडीखालच्या जमिनीला हात लावणं साहेबांनाही जड जातं. पण नोंद खरी हवी हं. एक जरी खोटी सापडली तरी सगळा तक्ता बाद."

खरीच असेल. मी करणार आहे.

११ मार्च

नऊ तुकडे. पायाला फोड.

१२ मार्च

चौदा. लोहाराच्या शेतात गेले तर म्हणाला, "बघ बघ, कांदाच आहे, पदवीबाई. की सोलून दाखवू?" सही मात्र चटकन केली.

१४ मार्च

आज दूधवाल्या काकूच्या तुकड्यांवर. ओढ्याला लागून तीन आहेत तिचे. काकू एकटीच, काका गेल्यापासून. चार गाई आणि ती. माझ्या लहानपणी परीक्षेच्या दिवसांत आमच्या रतिबाच्या दुधाशेजारी एक जास्तीचा पेला झाकून ठेवायची — "हा डोक्यासाठी." आईला सांगायची, यातला चहात घातलास तर बघ!

तिचे तिन्ही तुकडे यंदा विसाव्याला आहेत. ही आमच्या गावची जुनी रीत. दर सात वर्षांनी प्रत्येक तुकड्याला एक वर्ष विसावा. नांगर लावायचा नाही, पेरायचं नाही, फक्त गवत येऊ द्यायचं. बांधाच्या कोपऱ्यावर चुना लावलेला दगड ठेवला की सगळ्यांना कळतं. वर्ष संपलं की दगड पुढच्या तुकड्यावर.

"पण तिन्ही एकदम कसे, काकू?"

"एकाचीच पाळी होती ग. अध्यक्ष आले होते शेकोटीच्या दिवसांत. म्हणाले, माझ्या दोन तुकड्यांची पाळी तू घे, मला यंदा पेरायचंच आहे. मी म्हटलं, घ्या की. गवत माझ्या गाईंना बरंच." मग हसली. "पहिल्यांदा आमच्या दारात आले. खुर्ची पुसून दिली मी."

गवत माझ्या कमरेला लागत होतं. सगळ्या शिवारात इतका हिरवा तुकडा दुसरा नाही!

तक्ता उघडला. रकाने दोनच. लागवडीखाली म्हणावं तर लागवड नाही. खोटं लिहिणार नव्हते. 'पडीक'वर खूण केली. काकूने अंगठ्याला शाई लावली. "कुठे?" म्हणाली. मी बोट दाखवलं.

१७ मार्च

बाबांनी जेवताना विचारलं, "विसाव्याच्या तुकड्यांचं काय लिहिलंस?"

"पडीक. रकाने दोनच आहेत."

बाबा थांबले. घास हातात होता. मग म्हणाले, "बरं," आणि आईकडे मीठ मागितलं.

२१ मार्च

झाला! पंच्याऐंशी तुकडे, पंच्याऐंशी नोंदी. चौऱ्याहत्तर लागवडीखाली, अकरा पडीक. एकही खाडाखोड नाही.

अध्यक्षांकडे नेला. त्यांनी पान न् पान उलटलं. ओढ्याकाठच्या पानावर बराच वेळ थांबले. "अक्षर सुंदर आहे तुझं," म्हणाले. त्यांच्या बायकोने मला आतल्या खोलीत बसवलं. आतल्या! आई या घरात मागच्या दारानेच जाते.

२२ मार्च

तक्ता दिला. पोच घेतली. परत येताना बसमध्ये पोच चार वेळा वाचली.

१० एप्रिल

आदेश आला. आपण जिंकलो!! हिरवं शिवार कायम. संकलन केंद्रासमोर लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. लोहार म्हणाला, "कुंडीभर मातीवाली, मानलं तुला." आई रडली.

आदेशाचं दुसरं पान मी घरी येऊन वाचलं.

'गावाने स्वतः सादर केलेल्या तक्त्यानुसार पडीक असलेल्या अकरा तुकड्यांवर नव्वद घरे प्रस्तावित. मालकांस मोबदल्यात प्रत्येकी एक घर. हरकत असल्यास सुनावणी २७ एप्रिल.'

अकरा तुकडे. त्यातले पाच खरं तर अध्यक्षांच्या आणि त्यांच्या भावकीच्या पाळीचे होते — सगळे दुसऱ्यांशी बदलून घेतलेले. तेव्हा काकूने सांगितलं होतं आणि मी फक्त तिचंच ऐकलं होतं. बाकीच्यांना विचारलंच नव्हतं. आज विचारत फिरले. ज्यांनी पाळ्या घेतल्या ते सगळे एकटे, म्हातारे, ज्यांच्या वतीने सभेत कोणी उठत नाही असे. प्रत्येकाच्या घरी शेकोटीच्या दिवसांत कोणी ना कोणी येऊन गेलं होतं.

म्हणजे नोटीस लागायच्या आधीच यांना माहीत होतं. तक्ता कसला असेल तेही.

११ एप्रिल

काकूला सांगायला गेले. ती धार काढत होती. मी उभ्याने सगळं सांगितलं. तिला आधी कळेना.

"पण ते विसाव्याला आहेत की."

"हो. मी पडीक लिहिलं."

"पडीक म्हणजे सोडून दिलेलं."

"हो, काकू."

धार थांबली. गाईने मागे वळून पाहिलं. काकू म्हणाली, "म्हणजे झोपलेल्या माणसाला मेलेलं लिहिलंस होय ग तू?"

मी काहीतरी बोलले. रकाने दोनच होते असं काहीतरी.

"अग, मग मला विचारायचं! मी सांगितलं असतं, मधल्या रेघेवर लिही म्हणून."

१२ एप्रिल

अध्यक्षांकडे गेले. आज पुढच्या ओट्यावरच उभी ठेवली.

"पाळ्या तुम्ही मुद्दाम बदलल्या."

"हो." इतकं सहज! "चारशे घरं येणार होती. आता नव्वद येतील. काहीतरी द्यावंच लागणार होतं. जे दिलं तर कमी आरडाओरड होईल, ते दिलं. तुला कोणी खोटं लिहायला सांगितलं का?"

"नाही."

"मग? सगळं खरं आहे. तूच लिहिलंयस. आम्ही कोणी लिहिलं असतं तर कोणी विश्वास ठेवला असता?" मग प्रेमाने म्हणाले, अगदी मामा बोलतो तसं, "तुला निवडलं ते उगाच नाही, बाळ. प्रामाणिक माणूस मिळत नाही हल्ली."

१५ एप्रिल

कारकुनाला भेटले. नोंद बदलता येईल? येईल. काय करावं लागेल? तक्ता चुकीचा होता असं शपथेवर लिहून द्यावं लागेल.

"फक्त अकरा नोंदी चुकीच्या आहेत."

"एक सापडली तरी सगळा बाद. सांगितलं होतं मी." त्याने चष्मा खिशातून काढला, कपाळावर चढवला. "मग पहिली नोटीस पुन्हा जिवंत. पंच्याऐंशी तुकडे, चारशे घरं. कागद देऊ?"

दिला त्याने. कोरा आहे. वहीत ठेवलाय, या पानाच्या मागे.

१६ एप्रिल

गावाला कळलं. कारकुनाचा मेहुणा लोहाराकडे काम करतो. शिंप्याने माझं पोलकं न शिवता परत पाठवलं, कापड चुरगळून. संकलन केंद्रावर रांगेत उभी होते तर रांगच सरकली. माझ्या मागची बाई माझ्या पुढे, तिच्या मागची तिच्या मागे. मी जागच्या जागी.

१७ एप्रिल

आई शाळेत झाडलोट करते. आज मुख्याध्यापकांनी तिला विचारलं, मुलगी काय ठरवतेय? घरी येऊन माझ्यावर तुटून पडली.

"एका पेल्याभर दुधासाठी सगळं गाव बुडवणार आहेस का?"

"आई, तिने मला —"

"तिने दिलं, तू प्यालीस, संपलं! जन्मभर तिच्या गाई चारायचा मक्ता घेतलायस काय? तिला घर मिळतंय. पक्कं. आम्हाला देईल का कोणी? शिंप्याच्या मागच्या दोन खोल्यांत मरणार आम्ही!"

बाबा ओट्यावर थापी धूत होते. मी बाहेर गेले.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही मीठ मागितलंत. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

ते थापी पुन्हा पुन्हा धूत राहिले. स्वच्छ झाली होती. "घरं म्हटल्यावर भिंती आल्या," म्हणाले. "गवताला गवंडी लागत नाही, पोरी."

१९ एप्रिल

काकू दूध घालायला आली. रोजच्यासारखीच. मला म्हणाली, "सुनावणीला मी येणार. तू बोल, मी दाखवते."

"काय दाखवणार?"

"बघशील."

तिला चारशे घरांचं सांगितलं. ती म्हणाली, "मग सगळे मिळून भांडू." तिला अजून वाटतंय की 'सगळे' नावाचं कोणी आहे.

२३ एप्रिल

चौऱ्याहत्तर विरुद्ध अकरा. हे गणित कोणीही सोडवील. अकरा तुकड्यांच्या मालकांना निदान घर तरी मिळेल. बाकीच्यांना काय मिळेल, याची खात्री नाही. हा भित्रेपणा नाही. मी विचारपूर्वक लिहितेय.

वरचं सकाळी लिहिलं. आता संध्याकाळी वाचलं. वाक्यं अध्यक्षांसारखी झालीत.

२४ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही.

२७ एप्रिल

सुनावणी झाली. सगळं लिहून काढते, मग वही मिटते.

लांब टेबल, पाण्याचा जग, तीन खुर्च्या. मधे अधिकारीबाई. पांढरे केस, साधं घड्याळ, एकेक शब्द तोलून बोलतात. आल्या आल्या मला वाटलं, मला असं व्हायचंय. अशा दिवशीही वाटलं.

बाकीचे मालक आलेच नाहीत. काकू एकटी. तिने टॉवेलात काहीतरी बांधून आणलं होतं, दोन्ही हातांनी पोटाशी धरून. पाळी आल्यावर पुढे गेली आणि गाठ सोडून ते टेबलावर ठेवलं. पाण्याचा जग हादरला.

विसाव्याचा दगड.

चुन्याची भुकटी अधिकारीबाईंच्या कागदांवर पडली. मागे कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. लोहार म्हणाला, "आजीबाई, वरवंटा आणायचा राहिला!" तेव्हा तर कारकूनसुद्धा हसला.

काकू हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. अधिकारीबाईंना म्हणाली, "बाई, हा दगड आहे तोवर जमीन निजलेली असते. पडीक नसते. नवीन वर्षाला उचलणार होते मी. या पोरीला विचारा. हिला माहितीय. लहानपणी याच्यावर बसून पाठांतर करायची."

अधिकारीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "अशी पद्धत आहे तुमच्या गावात?"

कोरा कागद माझ्या पिशवीत होता. अध्यक्ष पहिल्या रांगेत होते, हात जोडून बसले होते. बाबा दाराशी.

मी म्हटलं, "तक्ता मी केला आहे. तो बरोबर आहे."

"मी पद्धतीबद्दल विचारलं."

"जुनी माणसं दगड ठेवतात. त्याची कुठे नोंद नसते."

यातला एकही शब्द खोटा नाही. परत परत तपासून पाहिलं.

काकू माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. बाजारात अनोळखी बाईला आपली समजून हाक मारावी, तिने मागे वळावं आणि आपण ओशाळावं — तशी. मग तिने टॉवेल पसरला, दगड त्यात घेतला, गाठ मारली. गाठ सुटली. पुन्हा मारली. दगड जड आहे, मला माहीत आहे. चाळीस माणसं बसली होती खोलीत. मीही.

निघताना अधिकारीबाई मला म्हणाल्या, "तक्ता फार नीटनेटका आहे. अशा मुली हव्या असतात आम्हाला. अर्ज करा."

२८ एप्रिल

दूध आलं नाही.

१ मे

सत्कार. सभागृहात, पुढच्या खुर्चीवर. शिंप्याने पोलकं शिवून दिलं, आदल्या दिवशी घरपोच. चांगलं बसलंय.

१९ मे

काकूच्या गाई गेल्या. दोन पलीकडच्या गावाला, दोन कुठे ते विचारलं नाही. गवत जाणार, आणि मिळणाऱ्या घरात, वरच्या मजल्यावर, गाई चालणार नाहीत. ती रस्त्यात भेटली. मी थांबले. ती थांबली नाही. नुसती म्हणाली, "खूप मोठी हो." आशीर्वाद द्यावा तशी. दिवसभर तेच कानात.

६ जून

बाबांना काम मिळालं. नव्वद घरं, दोन वर्षं पुरेल. आज घरी आले तर गाणं गुणगुणत होते. मी बाबांना कधी गुणगुणताना ऐकलंच नव्हतं.

जेवताना म्हणाले, ओढ्याकडच्या कोपऱ्यावर घराच्या पायात एक दगड हवा होता, तिथेच बांधावर चांगला चौरस मिळाला. घातला.

"कसला दगड?"

"चुना लावलेला होता. खरवडला." मग माझ्याकडे न बघता, "दगड चांगला होता ग. वाया कशाला घालवायचा?"

मी मीठ पुढे सरकवलं.

१४ जुलै

अर्ज मंजूर. आईने शेजारी सांगितलं. शेजारणीने विचारलं, "काय म्हणून लागली?" आईला सांगता येईना. म्हणाली, "लिहायचं काम आहे. खरं लिहायचं."

२ सप्टेंबर

रुजू झाले. पहिलं काम ओढ्यापलीकडच्या गावचं. तिथेही एक मुलगी आहे, घरातली पहिली शिकलेली. तक्ता तिनेच हातात घेतला. पायाला फोड आलेत, लपवत होती. एका हिरव्या तुकड्याशी थांबून तिने विचारलं, "ताई, हा यंदा विसाव्याला आहे. कुठल्या रकान्यात लिहू?"

बांधावर दगड होता. चुना ताजा होता.

"पडीक," मी म्हटलं.

तिने खूण केली. अक्षर सुंदर आहे तिचं.